मळभाचे दिवस आणि मनाचे आरोग्य
(शिक्षक व पंचायत सदस्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी भाषेत ‘मळभ’ हा शब्द आकाशासाठी वापरला जातो आणि मनासाठीही. हवा कुंद झाली की माणूसही कुंद होतो, हे निरीक्षण आपल्याकडे भाषेतच मुरलेले आहे. त्यामुळे ढगाळ हवेचा मनावर परिणाम होतो असे सांगितले तर कोणाला नवल वाटत नाही. परंतु हा परिणाम काही माणसांच्या बाबतीत दरवर्षी ठराविक महिन्यांत येणाऱ्या आणि उपचाराची गरज असलेल्या आजाराचे रूप घेऊ शकतो, ही गोष्ट मात्र अजूनही फारशी परिचित नाही. अशा आजारी माणसाला ‘आळशी’ हे विशेषण सर्वांत आधी चिकटते. घरातले लोक ते देतात, शाळेत शिक्षक देतात आणि पुष्कळदा तो स्वतःच स्वतःला देतो.

या प्रश्नाचे मूळ स्थान महाराष्ट्रात नाही, हे प्रारंभीच स्पष्ट केले पाहिजे. आपल्याकडे वर्षातील सर्वांत लहान दिवसही सुमारे अकरा तासांचा असतो, आणि हिवाळा हा तर आपला स्वच्छ उन्हाचा, हुरड्याचा व उत्साहाचा ऋतू. उत्तरेकडे जावे तसतसे चित्र पालटते. डिसेंबरच्या उत्तरार्धात लंडनमध्ये दिवस पावणेआठ तासांच्या आसपास असतो. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे तो सहा तासांपेक्षाही कमी भरतो, आणि तेवढ्या वेळातही सूर्य क्षितिजाच्या फारसा वर चढत नाही. आणखी उत्तरेला, ध्रुववृत्ताच्या पलीकडे असलेल्या ट्रॉम्सो या शहरात नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय होतच नाही. दुपारच्या सुमारास दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश पसरतो, एवढेच. जानेवारीच्या २१ तारखेच्या सुमारास डोंगराआडून सूर्याची पहिली कड दिसते, तेव्हा त्या शहरात ‘सूर्यदिन’ साजरा होतो आणि गोड पाव खाल्ले जातात. मकरसंक्रांतीनंतर अवघ्या आठवडाभराने येणारा हा सण पाहिला की उत्तरायणाचे कौतुक केवळ आपल्यालाच आहे असे म्हणवत नाही. फरक एवढाच की आपण दिवस तिळातिळाने वाढल्याचा आनंद मानतो आणि तेथील लोक दिवस मुळात उगवल्याचा.

नॉर्वेमधीलच रयुकान या गावाची कथा पंचायतीच्या कारभाराशी संबंधित मंडळींनी विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. हे सुमारे साडेतीन हजार वस्तीचे गाव पूर्व-पश्चिम पसरलेल्या एका अरुंद व खोल दरीच्या तळाशी वसलेले आहे. दक्षिणेकडील डोंगराच्या भिंतीमुळे सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने, गावाच्या चौकात ऊन पोहोचत नाही. वर पाहावे तर आकाश निळे असते, समोरच्या कड्यावर ऊन झळकत असते, आणि गाव मात्र सावलीत. अशा जागी गाव वसविण्याचे कारण शेतीशी निगडित आहे. तेथील प्रचंड धबधब्यावर वीज निर्माण करावी आणि त्या विजेच्या साहाय्याने हवेतील नत्र पकडून नायट्रेटचे खत तयार करावे, या हेतूने नॉर्स्क हायड्रो या कंपनीचे संस्थापक साम आयडे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हे औद्योगिक गाव उभे केले. वेमॉर्क येथील वीजकेंद्र १९११ मध्ये सुरू झाले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र होते. शेताला खत मिळाले, परंतु ते तयार करणाऱ्या कामगारांच्या वाट्याला मात्र अर्धे वर्ष सावली आली.

१९१३ मध्ये ऑस्कर किट्टिल्सन नावाच्या एका हिशेबनिसाने अशी कल्पना मांडली की, डोंगरावर आरसे बसवून ऊन खाली गावात पाडावे. आयडे यांनाही ती पटली होती. परंतु त्या काळच्या तंत्रज्ञानाला ते साधणारे नव्हते. अखेर कंपनीने दुसरा मार्ग काढला. १९२८ मध्ये तिने गावातून डोंगरावर जाणारा रज्जुमार्ग बांधून दिला, तो मालवाहतुकीसाठी नव्हे, तर गावकऱ्यांना हिवाळ्यात वर जाऊन ऊन अंगावर घेता यावे यासाठी. त्या वेळी मनाच्या आरोग्याविषयी कोणताही शास्त्रीय निबंध उपलब्ध नव्हता. तरीही ऊन ही माणसाची गरज आहे आणि ती भागविण्यासाठी पैसा खर्च करणे योग्य आहे, असे एका कारखानदाराला वाटले, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

आरशांची मूळ कल्पना प्रत्यक्षात यायला पुरी शंभर वर्षे लागली. मार्टिन आंडर्सन या कलावंताने ती पुन्हा उचलून धरली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये गावाच्या वर सुमारे ४५० मीटर उंचीवर तीन मोठे आरसे उभे राहिले. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ५१ चौरस मीटर आहे. संगणकाच्या नियंत्रणाखाली ते सूर्याच्या गतीबरोबर हळूहळू वळत राहतात आणि गावच्या चौकात सुमारे ६०० चौरस मीटर जागेवर ऊन पाडतात. खर्च सुमारे ५० लाख क्रोनर आला. त्यातील मोठा वाटा देणगीदारांनी उचलला. तरीसुद्धा गावात विरोध झालाच. हा पैसा नगरपालिकेने अधिक निकडीच्या सेवांवर खर्चावा, असे अनेकांचे म्हणणे होते. ग्रामसभा चालविण्याचा अनुभव असलेल्यांना हा वाद अनोळखी वाटणार नाही. आज त्या उन्हाच्या तुकड्यात बाकांवर माणसे बसतात, मुलांना घेऊन आया येतात, म्हातारी माणसे गप्पा मारतात. इटलीतील विगानेला या डोंगरी खेड्याने तर २००६ मध्येच असा एक आरसा बसविला होता.

अंधाराचा परिणाम किती खोल जाऊ शकतो याचे एक जुने वर्णन दक्षिण ध्रुवाकडील आहे. ‘बेल्जिका’ हे जहाज १८९८ मध्ये अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकले आणि त्यावरील माणसांना तेथेच हिवाळा काढावा लागला. मे ते जुलै या काळात सुमारे सत्तर दिवस सूर्य दिसला नाही. माणसे मलूल झाली, एकमेकांशी बोलेनाशी झाली, काहींची बुद्धी भ्रमली. जहाजावरील डॉक्टर फ्रेडरिक कुक यांनी आजाऱ्यांना रोज काही वेळ शेगडीच्या उघड्या धगीसमोर बसविण्याचा आणि सील व पेंग्विन यांचे ताजे मांस खाऊ घालण्याचा क्रम ठेवला. मांसाने रक्तपिती हटली. धगीसमोर बसविण्यामागील तर्क अंदाजाचा होता, पण प्रकाशाकडे उपचार म्हणून पाहण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न मानावा लागेल. हा इतिहास भारतालाही अगदीच परका नाही. अंटार्क्टिकावरील ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या भारतीय केंद्रांवर दरवर्षी एक तुकडी हिवाळा काढते आणि तिलाही सूर्याविना सुमारे दोन महिने राहावे लागते.

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाची रीतसर दखल घेतली ती १९८० नंतर. त्या वर्षी आल्फ्रेड लुई व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की, रात्रीच्या वेळी मेंदूत स्रवणारे मेलॅटोनिन हे द्रव्य तेजस्वी प्रकाशाने माणसातही रोखले जाते. मात्र घरातील नेहमीच्या दिव्याचा उजेड त्यासाठी पुरत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत याच विषयावर काम करणारे डॉ. नॉर्मन रोझेन्थाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जोहान्सबर्गच्या उन्हातून न्यूयॉर्कला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात आपली उमेद खचते आणि वसंतात ती परत येते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. १९८४ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि या अवस्थेला ‘सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर’ असे नाव दिले. मराठीत त्याला ‘ऋतुनिगडित भावविकार’ म्हणता येईल.

या विकाराची लक्षणे नेहमीच्या नैराश्याहून थोडी वेगळी असतात आणि तेथेच घोटाळा होतो. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाची झोप उडते व अन्नावरील वासना जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. येथे पुष्कळदा उलटे घडते. झोप वाढते, सकाळी अंथरूण सोडवत नाही, गोड व पिठूळ पदार्थ सारखे खावेसे वाटतात, वजन वाढते, हातपाय जड होतात आणि लोकांत मिसळणे नकोसे होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा माणूस भरपूर खातो आणि भरपूर झोपतो, एवढेच दिसते. मग त्याला आजारी कोण म्हणणार? स्त्रियांमध्ये व तरुण वयात या विकाराचे प्रमाण अधिक आढळते. ढगाळ दिवशी वाटणारी साधी उदासी आणि हा विकार यांत मात्र फरक केला पाहिजे. उदासी दोन-चार दिवसांत, एखाद्या गप्पांच्या मैफलीने किंवा गरम भज्यांनीही ओसरते. विकारात ती आठवडेच्या आठवडे टिकते, कामात व अभ्यासात अडथळा आणते आणि वर्षानुवर्षे त्याच महिन्यांत परतते.

यामागची यंत्रणा थोडक्यात अशी. मेंदूच्या तळाशी एक लहानसे केंद्र शरीराच्या चोवीस तासांच्या घड्याळाचे काम करते. सकाळचा उजेड डोळ्यांतील पडद्यावर पडला की त्या घड्याळाची वेळ जुळविली जाते. आकृती पाहण्याशी संबंध नसलेल्या आणि केवळ उजेडाची मात्रा मोजणाऱ्या खास पेशी त्या पडद्यात असतात, हे २००२ च्या सुमारास सिद्ध झाले. हिवाळ्यात पहाट उशिरा झाली की काही माणसांचे हे घड्याळ मागे पडते, असे एक प्रमुख मत आहे. उजेडाचे माप ‘लक्स’ या एककात सांगतात. भर दुपारच्या उन्हात ते एक लाखाच्या घरात जाते. दिवे लावलेल्या खोलीत ते बहुधा १०० ते ५०० एवढेच असते. डोळा झटकन जुळवून घेतो म्हणून हा शेकडोपट फरक आपल्याला जाणवत नाही. घड्याळाच्या पेशींना तो जाणवतो.

उपचारही यातूनच निघाला. १०,००० लक्स तेजाच्या दिव्यासमोर रोज सकाळी सुमारे अर्धा तास बसावे, दिव्याकडे टक लावून न पाहता वाचन किंवा न्याहारी करावी, असा हा प्रकाशोपचार आहे. अनेकांना एक-दोन आठवड्यांत फरक पडतो. मात्र हा खेळण्यातला दिवा नव्हे. डोळ्यांचे विकार असलेल्यांनी, तसेच ज्यांच्या मनाला उदासी व उन्माद असे दोन्ही झोके येतात त्यांनी, डॉक्टरांना विचारल्यावाचून तो वापरू नये. दुसऱ्या गटात त्यामुळे उन्माद चाळवू शकतो. औषधे आहेत व ती उपयोगी पडतात. बोलण्याच्या उपचाराविषयी अमेरिकेतील व्हरमाँट येथे केली रोहन यांनी केलेला प्रयोग मननीय आहे. १७७ रुग्णांपैकी काहींना प्रकाशोपचार देण्यात आला आणि काहींना सहा आठवडे गटाने बसवून हिवाळ्याविषयीचे विचार व दिनक्रम बदलण्यास शिकविण्यात आले. त्या हिवाळ्यात दोन्ही गट सारखेच सुधारले. परंतु दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, प्रकाशोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांना आजार उलटला होता, तर शिकविलेल्या गटातील सुमारे २७ टक्के लोकांनाच. दिवा दरवर्षी नव्याने लावावा लागतो. लावून घेतलेली सवय मात्र सोबत राहते, असा याचा अर्थ लावता येतो.

या विषयात सर्व तज्ज्ञांचे एकमत आहे असे मात्र नाही, आणि ते सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. केवळ अक्षांशावरून दुःखाचे माप काढता येत नाही. आइसलँडमध्ये अंधार अधिक असूनही या विकाराचे प्रमाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी असल्याचे १९९३ मध्ये आढळले. अमेरिकेतील ३४ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवर आधारलेल्या २०१६ मधील एका अभ्यासात तर सर्वसाधारण जनतेच्या नैराश्यात ऋतूनुसार फरकच सापडला नाही. कॅरी लायबोविट्झ या संशोधिकेने नॉर्वेमध्ये पाहणी केली, तेव्हा उत्तरेकडे जावे तसा हिवाळ्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन अधिक अनुकूल आढळला. तेथील लोक अंधाराच्या महिन्यांत घरोघर मेणबत्त्या लावतात, एकमेकांकडे जातात, लहान मुलांनाही जाड कपडे घालून रोज बाहेर नेतात. ज्यांना विकार जडला आहे त्यांचे दुःख यामुळे खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता महाराष्ट्राचा संबंध. आज जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावांतील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी जर्मनी, ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा या देशांत जातात. कर्ज काढून, प्रसंगी जमीन गहाण टाकून त्यांना पाठविले जाते. ती बहुधा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे पोहोचतात, म्हणजे नेमकी दिवस आखडू लागण्याच्या वेळी. डिसेंबरात सकाळी अंधारात बाहेर पडायचे आणि दुपारी चार-साडेचारलाच अंधार पडताना पाहायचे, हा त्यांच्या आयुष्यातील पहिलाच अनुभव असतो. परका देश, कर्जाचे ओझे आणि एकटी खोली ही कारणे त्यात मिसळतात. घरी दूरध्वनीवर मात्र ‘सगळे छान आहे’ एवढेच सांगितले जाते. अशा वेळी वडिलांनी ‘अभ्यास नीट चालला आहे ना?’ एवढेच विचारून भागत नाही. किती वाजता उठतोस, दुपारी बाहेर पडतोस का, कोणाबरोबर जेवतोस, हे आईने विचारले तर खरी स्थिती अधिक लवकर कळते. उत्तरे सलग दोन-तीन आठवडे टाळाटाळीची येऊ लागली, तास बुडू लागले, तर विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्राकडे किंवा डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरावा. तिकडे अशी मदत घेणे नामुष्कीचे समजले जात नाही. जीव नकोसा झाल्याची भाषा कानी आली तर मात्र एक दिवसही थांबू नये. शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्यालाही तत्काळ कळवावे. जीवनसत्त्व ‘ड’ च्या बाबतीतही दक्षता हवी. ब्रिटनमध्ये शरद व हिवाळ्यात ते रोज १० मायक्रोग्रॅम घेण्याचा सरकारी सल्ला आहे आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा असे सांगितले जाते. हा सल्ला मुख्यतः हाडांसाठी आहे. त्याने उदासी जाईल असे मानू नये.

परदेशी पाठविण्यापूर्वी निरोपसमारंभ होतात, पेढे वाटले जातात. त्याच प्रसंगी माध्यमिक शाळेतील भूगोलाच्या शिक्षकाने मुलाला तो जाणार असलेल्या शहराचा डिसेंबरमधील सूर्योदय व सूर्यास्त दाखविला, तर तो पेढ्याइतकाच उपयोगी पडेल.

आपल्याकडील मळभाचे दिवस पावसाळ्यात येतात. मुंबईत जुलै महिन्यात रोजचे ऊन सरासरी अडीच तासांच्या आसपासच असते, आणि घाटमाथ्यावर आंबोली किंवा महाबळेश्वर येथे तर दिवसेंदिवस सूर्यदर्शन घडत नाही. तरीही आपला पावसाळी दिवस तेरा तासांचा असतो आणि दाट ढगांखालीसुद्धा उघड्यावरचा उजेड दिव्याच्या खोलीपेक्षा कितीतरी पट अधिक भरतो, म्हणून युरोपचे निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे चुकीचे होईल. परंतु दिवसभर माजघरात व स्वयंपाकघरात वावरणारी स्त्री, पावसामुळे ओटीवरही न येणारा वृद्ध आणि झडपा लावून घेतलेल्या वर्गात बसणारी मुले यांना तो उजेड मिळत नाही. पडवीत बसून भाजी निवडणे, पाऊस उघडताच मुलांना मैदानात सोडणे, छपराला एखादे काचेचे कौल बसविणे, या गोष्टींना खर्च जवळजवळ नाही. वाचनालयाची नवी खोली बांधताना पूर्वेला मोठी खिडकी ठेवणे ही तर आराखड्यावरची एक रेघ आहे. खुराड्यासारख्या समाजमंदिरांवर आजवर बराच पैसा खर्च झाला आहे, हेही येथे म्हणावयास हरकत नाही.

उदासी मळभाची असो वा आणखी कशाची, ती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखविणे योग्य. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून देशात आहे आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय झाली आहे. ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनाशुल्क चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर, शाळेच्या कार्यालयाबाहेर आणि आशा सेविकेच्या वहीत हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा. पावसाळ्यापूर्वी विहिरीत औषध टाकण्याची आणि नाले साफ करण्याची जी यादी दरवर्षी होते, तिच्यात या फलकाचे काम सहज घालता येईल.